बायपास झालेलं पोट आणि पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या

तेरणाकाठ | रविवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी औसा तालुक्यातली, वय ४४. सोळा महिन्यांखाली पुण्यात माझं वजनाचं ऑपरेशन झालं. बायपासचं, म्हणजे पोटाची बारकी पिशवी करून आतड्याला जोडतात ते; पोट नुसतं कापून अरुंद करतात ते स्लीव्हचं नव्हे. ऑपरेशनच्या दिवशी ११८ किलो होते, परवा गिरणीतल्या काट्यावर ७६ भरले. शुगरच्या दोन्ही गोळ्या सुटल्या, बीपीची अर्धी राहिली. थायरॉईडची, रक्ताची, कॅल्शियमची आणि महिन्याला बी-१२ ची सुई हे सगळं नेमानं घेते. आता गुडघ्यावर हात न टेकता उठता येतं. त्यामुळं ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगते.

झालं असं, की सोयाबीन काढायला आलं आणि त्याच आठवड्यात मला ताप भरला. आमच्या गल्लीत घरटी एकाला तरी हाच ताप. दोन दिवसांत ताप उतरला, पण सांधे धरले. मनगटं, घोटे, बोटांची पेरं. सकाळी उठल्यावर पाण्याचा तांब्या धरता येईना. एक दिवस चहाचं पातेलं सांडशीतून सुटलं नि सगळा चहा ओट्यावर. बाहेर शेतात काढलेल्या सोयाबीनची बनीम (गंज) लागलेली, वर ढग, मळणीवाला आज येतो उद्या येतो करतोय, आणि घरात भाकरी थापायला मी एकटी. मालक म्हणाले, चल, डॉक्टरकडून सुई टोचून आणू.

आमचे गावातले डॉक्टर माणूस म्हणून फार चांगले आहेत. आत्याबाईंना दम लागला तेव्हा रात्री दोनला चालत आले होते. त्यांचं वाईट लिहायला मी इथं आलेली नाही. त्यांनी कमरेत एक सुई दिली आणि पाच दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या. एका पुडीत तीन गोळ्या: एक मोठी पांढरी, एक पिवळी, एक बारकी गुलाबी. सकाळ-संध्याकाळ, जेवून. मी ऑपरेशनचं सांगितलं होतं. ते म्हणाले, "त्याला आता दीड वर्ष होत आलं, जखम कधीच भरली." मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी हात मोकळे झाले. इतका आराम पडला की मी शेतात चक्कर मारून आले. मधे एकदा सुई परत घेतली.

आता त्रास हा आहे. छातीच्या खाली, दोन्हीकडच्या बरगड्या मिळतात तिथं काल सकाळपासून आग पडते. खाल्लं की जास्त. भाकर वरणात कुस्करून मऊ करून घेतली तरी घास उतरताना कळतो. आणि संडासला काळं होतंय. रक्ताच्या गोळीनं काळपट होतं हे मला माहीत आहे, सोळा महिने बघते आहे. हे तसं नाही. डांबरासारखं चिकट, वास वेगळा, तांब्याभर पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहतं. उठून उभी राहिले की डोळ्यापुढं अंधारी येते.

पुण्याहून घरी सोडताना दिलेल्या कागदावर "वेदनाशामक औषधे टाळावीत" अशी एक ओळ आहे. तो कागद सोळा महिने फ्रिजवर चिकटवलेला आहे. पण कागदावर गोळीचं नाव नाही, आणि पुडीवरही नाही. मग मी कशाशी काय ताडून बघायचं?

मला विचारायचंय की यातलं नेमकं काय मला चालत नाही? मालक म्हणतात, सुई काय पोटात जात नाही, सुईनं काही होत नसतं. खरं आहे का ते? आणि सांधे तर अजून दुखतातच, मग मी घ्यावं तरी काय? एक पुडी उरली आहे, ती तशीच ठेवली आहे.

परभणीचा मेडिकलवाला | रात्री ११:०३

ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं मागून देतो. आधी हे वाचा आणि मालकांना वाचून दाखवा.

डांबरासारखी काळी संडास, वरच्या पोटात आग आणि उभं राहिल्यावर अंधारी, हे तिन्ही एकत्र आलं की आतून रक्त जातंय असं धरूनच चालायचं. सकाळची वाट बघू नका. आत्ता गाडी काढा, लातूरला जा, जिथं तोंडातून दुर्बीण घालून बघायची सोय आहे अशाच ठिकाणी. जाताना काही खाऊ-पिऊ नका, दुर्बिणीला पोट रिकामं लागतं. उरलेली पुडी, पुण्याचा कागद आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. त्या पुडीतली एकही गोळी आता पोटात जाऊ देऊ नका.

वाटेत एकदम सुरी खुपसल्यासारखी कळ आली, पोट फळीसारखं कडक झालं किंवा खांद्यात दुखायला लागलं, तर दवाखान्यात पोचल्याबरोबर ते पहिल्यांदा सांगा. पोचलात की एक ओळ टाका.

गोदातीर | रात्री ११:१२

उगं घाबरवू नका हो त्यांना. माझ्या भावाचं स्लीव्ह झालंय, तो गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेतो, सोबत पित्ताची गोळी घेतो, त्याला काही झालेलं नाही. ताई, थंड दूध प्या अर्धा ग्लास, आग शांत होईल. सकाळी बघा.

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई | रात्री ११:२१

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे मला दिसतंय, पण दूध नको आणि सकाळची वाटही नको. ताई, मेडिकलवाल्या भाऊंनी सांगितलंय तेच करा. निघा.

बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिते. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची काही सर्जरीच्या वॉर्डात.

बायपासमध्ये पोटाची वरची बारकी पिशवी वेगळी करतात. साधारण तीस मिलिलिटरची, म्हणजे औषधाच्या बाटलीवरची दोन-तीन झाकणं भरतील एवढी. तिला खालचं आतडं वर ओढून जोडतात. आता पोटाच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसायची सवय असते, आतड्याला नसते. त्यामुळं तो जोड कायमचा नाजूक. त्याला सांभाळणारं एक संरक्षण आपलं शरीर स्वतःच तयार करतं, आणि दुखण्याची ही औषधं नेमकं तेच बंद पाडतात. ती बंद पाडतात रक्तातून. म्हणून गोळी घ्या, सुई घ्या नाहीतर खालून घालायची बत्ती घ्या, औषध एकदा रक्तात गेलं की जोडापर्यंत पोचतंच. "सुई पोटात जात नाही" हे मी हजार वेळा ऐकलं असेल. सुईनं गोळीचा पोटातला स्पर्श तेवढा टळतो, परिणाम टळत नाही.

जखम भरते हे खरं, पण तो जोड तुमच्यासोबत जन्मभर राहतो. म्हणून दीड वर्षानं किंवा दहा वर्षांनी परवानगी मिळाली असं होत नाही. स्लीव्हमध्ये असा जोड नसतो म्हणून धोका कमी, तरी बरेच सर्जन तिथंही ही औषधं टाळायलाच सांगतात. दादा, भावाला त्यांच्या सर्जनला एकदा विचारायला सांगा. पित्ताच्या गोळीनं धोका कमी होतो, जात नाही.

आणि आणखी एक. असल्या तापात डेंगी नाही हे कळेपर्यंत ही औषधं ऑपरेशन न झालेल्या माणसालाही देत नसतात. डेंगीत आधीच रक्तस्राव व्हायची भीती असते.

तेरणाकाठ | रात्री ११:४४

निघालो. भायाची गाडी काढली. पिशवी घेतली आहे.

परभणीचा मेडिकलवाला | सोमवार, सकाळी ८:३०

ताईंचा निरोप यायचाय, तोवर नावं लिहून ठेवतो. "वेदनाशामक टाळा" या ओळीनं कुणाचंच भागत नाही, ताई म्हणाल्या ते अगदी खरं आहे. नाव पाहिजे.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात यातलं एक जरी नाव दिसलं, तरी बायपासवाल्या माणसानं सर्जनला विचारल्याशिवाय ते घ्यायचं नाही. यातली बरीचशी एकटी येत नाहीत, पॅरासिटामॉलबरोबर जोडीनं येतात, आणि गिऱ्हाइकाचा घोळ तिथंच होतो. कॉम्बिफ्लाम घ्या, त्यात आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आहे आणि पॅरासिटामॉल ३२५. माणसं मला सांगतात, "तापाची साधी गोळी घेतली." डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, ती पाण्यात विरघळवून घेतली म्हणून सौम्य होत नाही. पाळीच्या दुखण्यात बायका मागतात त्या गोळीत बहुतेक वेळा मेफेनॅमिक ॲसिड असतं. बायपास झालेल्या तरुण मुलींनी हे खास लक्षात ठेवा, कारण ती गोळी घरात आई, मावशी, मैत्रीण कुणीही सहज काढून देते.

हृदयात स्टेंट बसवलेला आहे म्हणून ॲस्पिरिनची बारीक गोळी चालू असेल, तर मात्र हे वाचून ती आपल्या मनानं बंद करू नका. ते हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

स्टिरॉईडही या जोडाला घातकच, त्यात ते दुखण्याच्या गोळीसोबत गेलं तर फारच. सांधेदुखीच्या पुडीत ते पुष्कळदा असतं. आठवडी बाजारात चादर अंथरून जे चूर्ण विकतात, "तीन दिवसांत गुडघा मोकळा" म्हणून, त्यात काय मिसळलंय ते कुणालाच कळत नाही. इतक्या झटक्यात गुण येतो तेव्हा मला तरी स्टिरॉईडचाच संशय येतो.

माझ्याच काउंटरची गोष्ट सांगतो. दहाच्या पानातून आम्ही चार गोळ्या कात्रीनं कापून देतो. नाव छापलेला तुकडा पुष्कळदा पानाच्या दुसऱ्या भागात राहतो, गिऱ्हाईक घरी नेतं ते चार कोरे चौकोन. वर्षानुवर्षं मी हेच केलं आणि मला त्यात कधी काही चुकीचं दिसलं नाही. एकदा एक पोरगी आईसाठी परत आली, चांदीचा कोरा तुकडा घेऊन, "काका, ही कशाची होती? आईला उलटीत रक्त पडलं." मला सांगता आलं नाही. रंगावरून अंदाज करत उभा होतो काउंटरच्या आत. त्या दिवसापासून कापून दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मागं मी बॉलपेननं नाव लिहितो. दुकानात कितीही गर्दी असो.

म्हणून ताईंची पिवळी कसली, गुलाबी कसली हे मला विचारू नका. रंगावरून मी सांगणार नाही.

मोंढा जालना | सोमवार, दुपारी १:१५

ताई बऱ्या होऊन याव्यात. माझं बायपास होऊन तीन वर्षं झाली. दुखण्याच्या गोळीचं मला माहीत होतं, मी फसलो शुगरच्या गोळीत, म्हणून लिहितो.

ऑपरेशननंतर माझी ग्लिमेपिराइड बंद केली होती. दोन महिन्यांनी पाहुण्यांच्या लग्नात गोड खाल्लं, मनात धास्ती बसली, आणि कपाटातलं जुनं पाकीट काढून एक गोळी घेतली. पूर्वी रोज दोन घेत होतो, एकीनं काय होतंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता मोंढ्यात गेलो. पोत्यांचा लिलाव चालू होता. हात थरथरायला लागले, घामानं सदरा पाठीला चिकटला, आणि समोरचा हमाल काय बोलतोय ते कळेना. त्यानंच धरून बसवलं. शेजारच्या दवाखान्यात बघितली तर साखर ४८.

वजन उतरतं, खाणं मूठभर होतं, शरीर इन्सुलिनला नीट दाद द्यायला लागतं. जुन्या मापाची गोळी मग जास्तीची होते. बीपीच्या गोळीचं तेच, त्यातही लघवी वाढवणारी असेल तर पाणी कमी पडून चक्कर येते. घरात जुन्या गोळ्या ठेवूच नका. मी त्याच दिवशी सगळं कपाट मोकळं केलं.

मेडिकलवाले भाऊ, एक विचारायचं होतं. नावाच्या पुढं एसआर, एक्सआर असं असतं त्या गोळ्यांचं काय? मला गिळायला मोठी वाटते म्हणून मी कुटून घेत होतो.

परभणीचा मेडिकलवाला | सोमवार, दुपारी २:५०

कुटून अजिबात घेऊ नका, दादा. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर म्हणजे औषध सावकाश, तासन् तास झिरपत सुटावं म्हणून तशी बांधलेली गोळी. ती कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. आणि अख्खी गिळली तर बायपासमध्ये आतड्याचा एवढा भाग वगळलेला असतो की पुरतं औषध सुटायच्या आत ती पुढं सरकू शकते. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. डॉक्टरांना सांगून त्याच औषधाची साधी गोळी किंवा पातळ औषध मागून घ्या, दिवसातून जास्त वेळा घ्यावं लागलं तरी चालेल.

वेळेचंही सांगून टाकतो. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि तिच्यात नि कॅल्शियम-लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकत्र नको, निदान दोन तास मधे ठेवा. कॅल्शियम बायपासवाल्यांनी सायट्रेटचं घेतलेलं बरं, कार्बोनेट पचायला आम्ल लागतं आणि त्या बारक्या पिशवीत आम्ल कमी असतं. गर्भ राहू नये म्हणून तोंडानं घ्यायच्या गोळ्यांवर बायपासनंतर भरवसा ठेवू नका, दुसरा उपाय विचारा. पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस राहू नयेत असं सांगतात, आणि नेमकं याच काळात वजन उतरल्यामुळं दिवस राहायची शक्यता वाढलेली असते. यावर घरात कुणी बोलत नाही म्हणून इथं लिहितो.

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई | सोमवार, सायंकाळी ७:१०

सलाईनबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट तीच आहे.

आपल्याकडं अशक्त वाटलं, उलट्या झाल्या, लग्नात जागरण झालं, की एक बाटली लावून येतात. वजनाच्या ऑपरेशननंतर कुणाला सारख्या उलट्या होत असतील तर ग्लुकोजची बाटली तशीच लावायची नाही. आधी थायमिन, म्हणजे बी-१ ची सुई, आणि मग ग्लुकोज. शरीरात बी-१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणं बंद, वर उलट्या, की तो संपतो. अशा वेळी ग्लुकोज दिलं की ते पचवायला उरलंसुरलं बी-१ खर्ची पडतं आणि मार मेंदूवर बसतो.

आमच्या वॉर्डात एक पोरगी आणली होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. कुठली, कुठल्या दवाखान्यातून आली ते लिहीत नाही. ऑपरेशनला दीड महिना, तीन आठवडे पाणीसुद्धा टिकत नव्हतं, आणि गावात चार दिवस रोज दोन बाटल्या. घरच्यांनी तिला चालवत आणलं, तर पाय फाकवून, भिंत धरून चालत होती. मी तिच्या डोळ्यासमोर बोट धरलं. नजर बोटावर ठरेना, डोळे आपोआप हलत होते. आईला विचारत होती, आपण घरी कधी आलो. आम्ही थायमिन सुरू केलं, डोळे दोन दिवसांत थांबले, चाल सुधारायला महिने लागले. आठवण पूर्ण परत आली का ते मला कळलं नाही, ती पुढं पुण्याला गेली.

उलट्या दोन दिवसांपेक्षा जास्त चालल्या तर सर्जनला फोन करा, आणि बाटली लावणाऱ्याला तोंडानं सांगा: बी-१ आधी. तो हसला तरी सांगा.

तेरणाकाठ | शनिवार, दुपारी ४:२०

परवा घरी आले. सगळ्यांचे निरोप दवाखान्यात मालकांनी वाचून दाखवले. भाऊ, सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू ते मला माहीत नाही.

त्या रात्री पावणेएकला पोचलो. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, पुण्याच्या शेवटच्या तपासणीत ११.९ होतं. सकाळी दुर्बीण केली. जोडावरच अल्सर आहे, आतड्याच्या बाजूला. डॉक्टरांनी फोटो दाखवला. गुलाबी अस्तर, आणि मधे मसुराएवढा पांढरा खड्डा, कडेला वाळलेल्या रक्ताचा काळा ठिपका. रक्त आपसूक थांबलेलं होतं. रक्ताची बाटली चढवावी लागली नाही, लोहाची शिरेतून दिली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस पुड्या चालू राहिल्या असत्या तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

गोळ्यांचं कोडं असं सुटलं. लातूरच्या डॉक्टरांनी आमच्या गावच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एका शब्दानं लपवलं नाही. सुई डायक्लोफेनॅकची. पांढरी गोळी असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची. गुलाबी स्टिरॉईड. आणि पिवळी पित्ताची, पॅन्टोप्राझोल. म्हणजे गोदातीर दादा, पित्ताची गोळी माझ्या पुडीत पहिल्या दिवसापासून होती. तुम्हाला बोल लावत नाही, पण भावाला नक्की सांगा.

आता मला पित्ताची कॅप्सूल उघडून, आतली पूड चमच्यात घेऊन घ्यायला सांगितली आहे, तशी ती बारक्या पिशवीत लवकर लागू पडते म्हणे. सोबत सुक्राल्फेटचं पातळ औषध. त्यामुळं थायरॉईडच्या गोळीची वेळ पुन्हा मांडावी लागली, सुक्राल्फेटही तिला आडवं येतं. पहाटे पाचला उठून थायरॉईडची घेते, सुक्राल्फेट नऊनंतर. तीन महिन्यांनी परत दुर्बीण. रक्त तपासलं त्यात चिकनगुनियाच निघाला.

सांध्यांसाठी फक्त पॅरासिटामॉल, ६५० ची, सहा-सहा तासांनी, दिवसात चारच्या वर नाही. पहिल्यासारखा झटक्यात आराम पडत नाही, हे खरं सांगते. सकाळचा तास-दीड तास वाईट जातो. कोमट पाण्याच्या घमेल्यात मनगटं बुडवून बसते आणि मूठ उघड-मीट करते, तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलंय. भाकरी सध्या जाऊबाई पाठवतात. सोयाबीन मळून झालं, मी नव्हते तरी झालं.

काल संध्याकाळी गावच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. भांडायला म्हणून नाही, तरी मालकांचा आवाज चढलाच. डॉक्टर बराच वेळ टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हे जन्मभराचं आहे हे मला ठाऊक नव्हतं, वहिनी. पुण्याहून कुणी मला काही कळवत नाही. मला लिहून दे, मी इथं काचेखाली ठेवतो. आपल्या गावात आणखी दोघांचं झालंय हे ऑपरेशन." मला ते दोघं कोण हेसुद्धा माहीत नव्हतं. उठताना मी म्हटलं, यापुढं माझ्या पुडीवर नाव लिहून द्याल का? त्यांनी मान हलवली.

म्हणून एक कार्ड करते आहे, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक मारून. एक त्यांच्या काचेखाली, एक माझ्या पर्समध्ये, एक मालकांच्या खिशात. मजकूर असा केलाय, काही चुकलं असेल तर सांगा:

माझे वजनाचे बायपास ऑपरेशन झाले आहे. खालील सूचना जन्मभरासाठी आहेत.
डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, पिरॉक्सिकॅम, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन देऊ नये. गोळी नको, इंजेक्शनही नको.
सर्जनला विचारल्याशिवाय स्टिरॉईड नको.
एसआर, एक्सआर गोळी नको, साधी द्यावी.
दुखणे किंवा ताप: पॅरासिटामॉल.
उलट्या होत असल्यास सलाईनच्या आधी थायमिनचे इंजेक्शन.
काळी चिकट शौच किंवा एकदम तीव्र पोटदुखी: ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे.
खाली सर्जनचा आणि मालकांचा नंबर.

परभणीचा मेडिकलवाला | शनिवार, सायंकाळी ५:०५

ताई, जीव भांड्यात पडला. मजकूर बरोबर आहे. फक्त रोज चालू असलेल्या औषधांची नावं आणि मात्रा मागच्या बाजूला लिहा, पेन्सिलनं नाही, पण बदलता येईल अशा वेगळ्या चिठ्ठीवर. थायरॉईडचा डोस वजनाबरोबर बदलतो, प्लास्टिकखाली जुना आकडा राहायला नको. आणि हरकत नसेल तर हे कार्ड माझ्या काउंटरलाही लावतो, तुमचं नाव-नंबर काढून.

तेरणाकाठ | शनिवार, सायंकाळी ५:१८

लावा की भाऊ. हरकत कसली.

गोदातीर | शनिवार, रात्री ९:४०

ताई, माफ करा. त्या रात्री मी लिहिलेलं तुम्ही ऐकलं असतं तर, हे डोक्यातून जात नाही. भावाला आज सगळं वाचायला दिलं. सोमवारी त्याला सर्जनकडं घेऊन जातोय. त्याच्या गोळीचं पाकीट बघितलं, असेक्लोफेनॅकच आहे.

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई | शनिवार, रात्री १०:०२

दादा, सोमवारपर्यंतसुद्धा ती गोळी नको. आजच बंद करा, तोवर पॅरासिटामॉल द्या.

ताई, कार्डातली थायमिनची ओळ वर घ्या, ऑपरेशनच्या ओळीच्या लगेच खाली. दुखण्याच्या गोळीला तुम्ही स्वतः नाही म्हणू शकता. उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाला बोलायचं त्राण नसतं, आणि बाटली लावणारा घाईत असतो, तो पहिल्या दोन ओळींच्या पुढं वाचत नाही.